लाल ठिपका

आमच्या घरात सात बटणांवर लाल ठिपका आहे.
माझ्या नेलपॉलिशचा,
भाचीच्या लग्नात घेतलेली, एकदाच लावलेली बाटली.
इन्व्हर्टर आला त्या एप्रिलात
ह्यांनी ती मागून घेतली, चष्मा कपाळावर चढवला
आणि बोर्डांना कुंकू लावावं तसा
एकेका बटणाला टेकवला ब्रश.
ठिपका असेल ते चालेल.
नसेल ते जाईल.

हॉलचा पंखा. टीव्ही.
बेडरूमचा पंखा, ह्यांच्या टेबलावरचा दिवा,
मागाहून आलेला वायफायचा डबा.
देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा,
देवाला अंधारात कसं ठेवायचं!
आणि स्वयंपाकघरात एक ट्यूब,
"तुला दिसण्यापुरती."
पंखा नको म्हणाले, गॅस विझतो.
खरंच आहे ते. विझतो.

यंदा बिबवेवाडीत बेचाळीस.
कोपऱ्यावरचा डीपी दुपारी फुटला,
सुतळी बॉम्बसारखा,
आणि गल्लीतले सगळे एसी एकदम गप्प.
एमएसईबीनं फोन काढून ठेवलेला.
वरचे ढमढेरे जिन्यात येऊन म्हणाले,
ज्यानं त्यानं एसी लावल्यावर दुसरं काय होणार?
त्यांच्याकडे तीन आहेत.

ह्यांनी पंखा दोनवर आणला.
पाकिटाच्या मागे हिशेब मांडला:
दीडशे गुणिले बारा, भागिले पंखे,
वजा बॅटरीचं वय.
भोसरीला स्टोअर्समध्ये नोकरी झाली सगळी,
शिल्लक मोजल्याशिवाय माणूस टेकत नाही.
"अकरापर्यंत पुरेल," म्हणाले.

मी पोळ्या लाटत होते.
घाम परातीत पडू नये म्हणून
मान मागे धरून लाटायची सवय आहे मला,
तीस वर्षांची.
मानेचे डॉक्टर विचारतात,
उशी कोणती वापरता?

हॉलमधून हाक आली,
"अगं, इथे येऊन बस ना, पंखा वाया चाललाय."

वाया.
सातवी पोळी जरा जास्तच भाजली गेली.

गुरुवारी शकील मणियार आला बॅटरीत पाणी भरायला.
सहा तोंडांनी पाच लिटर प्यायली ती,
आवाज न करता,
उन्हातून आलेलं मूल पितं तशी.
मी म्हटलं, आतला पंखा ह्याच्यावर घे.
"काकू, लोड वाढेल. काहीतरी काढावं लागेल."
त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं.
मी बोर्डाकडे.

"गॅस विझेल," ह्यांनी आठवण दिली.
"विझला की पेटवीन."

मग स्वतःच आत आले, वायरिंग दाखवायला.
ओट्याशी उभे राहिले चार मिनिटं.
कुकरची तिसरी शिट्टी झाली,
बनियन पाठीला चिकटला,
चष्म्याला वाफ.
बाहेर जाऊन मला सांगतात,
"आत फार होतं गं,"
जशी मी पाहुणी आलेय गावाहून.

शकील पेचकस घेऊन थांबलेला.
टीव्ही म्हणतील वाटलं नव्हतंच.
वायफाय म्हणजे पुण्याबाहेरची नातवंडं,
तो जाणं शक्य नव्हतं.
बऱ्याच वेळानं म्हणाले, "टेबलावरचा दिवा काढ."
आणि पाकिटामागचा हिशेब
पुन्हा पहिल्यापासून मांडायला बसले.

नेलपॉलिश बाटलीत सुकून दगड झालं होतं.
त्यामुळे माझ्या पंख्याला ठिपका नाही,
आणि दिव्याचा तेवढा पुसायचा राहिलाय.
रात्री लाइट गेले की सवयीनं हात जातो त्यांचा,
टक्. टक्.
एक शिवी, हळू.
मग पुस्तक घेऊन येतात ते आत,
धान्याच्या डब्यावर बसतात, ट्यूबखाली,
पानं पंख्यानं फडफडतात, अंगठ्यानं दाबून धरतात.

आमटी गरम करताना गॅस दोनदा विझतो.
"मी पेटवतो," म्हणून उठतात,
आणि ओटाभर हात फिरवत राहतात.
लायटर कुठे असतो
ते त्यांना अजून ठाऊक नाही.
मीही सांगत नाही लगेच.
वारा बरा येतो तेवढ्यात.